दुसरी प्रत

अंबाजोगाईच्या वाङ्मयीन वारशात जतनाच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’ची रचना परंपरेने शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ मधली मानली जाते. त्याची मूळ पोथी आज उपलब्ध नाही, तरीही ग्रंथ टिकला, कारण निरनिराळ्या गावांतल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या त्याच्या नकला उतरवून घेतल्या. दासोपंतांच्या (१५५१–१६१५) पासोडीचे तसे नाही. सुमारे चाळीस फूट लांबीच्या जाड कापडावर पंचीकरणाचा विषय ओव्यांत आणि आकृत्यांत मांडणारी ती वस्तू एकमेव असून, चार शतके ती केवळ सांभाळणाऱ्यांच्या निगुतीवर तगून राहिली आहे. बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत सध्या जी माहिती संगणकांवर साठते आहे, तिचा मोठा भाग पासोडीसारखा एकाच प्रतीत राहतो, आणि ती प्रत कापडावर नसून मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर असते. अशा प्रतीची देखभाल कितपत शक्य आहे आणि ती देखभाल कुठे अपुरी पडते, हा या लेखाचा विषय आहे.

या जिल्ह्यात एका नोंदीचे मोल किती असू शकते, हे २०२३ नंतरच्या घडामोडींनी पुरेसे स्पष्ट केले आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर ७ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन अभिलेखांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, गाव नमुना १४, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे असे दस्त फडताळांतून बाहेर आले, मोडी, उर्दू आणि फारसी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि सापडलेली पाने स्कॅन होऊन शासकीय संकेतस्थळांवर चढू लागली. या पानांपुरते पाहिले तर व्यवस्था बरी आहे, कारण मूळ कागद अभिलेख कक्षात राहतो आणि त्याची प्रतिमा सर्व्हरवर. परंतु त्या पानाच्या आधाराने तयार होणारी वंशावळ, शपथपत्र, जुन्या दाखल्यांच्या फोटोप्रती, दुरुस्तीचे अर्ज हा सारा संसार तालुक्याच्या गावातल्या एखाद्या महा ई-सेवा केंद्राच्या, डीटीपीवाल्याच्या किंवा वकिलाच्या कारकुनाच्या संगणकात असतो. सातबाराची नोंद शासनाच्या ताब्यात सुरक्षित आणि त्या नोंदीवरून चाललेल्या वादाची टिपणे मात्र एका हार्ड डिस्कवर, अशी ही विभागणी आहे. लग्नसराईत शेकडो तासांचे चित्रण करणारे फोटो स्टुडिओ, पतसंस्था, टॅलीवर हिशेब ठेवणारे करसल्लागार आणि आडत दुकानदार यांची गतही फारशी वेगळी नाही.

हार्ड डिस्क म्हणजे धातूच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्यांवर चुंबकीय थर देऊन त्यावर माहिती कोरणारे यंत्र होय. आयबीएमच्या १९५६ मधल्या ‘रॅमॅक’ यंत्रात अशा पन्नास तबकड्या मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत असत. आज खिशात मावणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये त्याच्या सुमारे दोन लाख पट मजकूर बसतो. ही दाटी साधण्यासाठी वाचन-लेखन करणारे टोक, ज्याला कारागीर सरसकट ‘हेड’ म्हणतात, ते फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर एवढ्याच उंचीवर हवेच्या पातळ थरावर तरंगते, आणि माणसाच्या केसाची जाडी या अंतराच्या हजारो पट असते. चालू डिस्कला धक्का बसला, डिस्क टेबलावरून पडली किंवा तबकडी फिरवणाऱ्या मोटरचे बेअरिंग झिजले, तर हे हेड तबकडीला घासते आणि चुंबकीय थर खरवडून काढते. तेथील मजकूर मग कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, कारण तो लिहिलेला पृष्ठभागच नाहीसा झालेला असतो. नियमित टकटक करणारी डिस्क बहुतेक वेळा हेड आपली जागा शोधत असून ती सापडत नसल्याचे सांगत असते. अशा वेळी ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे म्हणजे उरलेला थरही खरवडणे होय.

सगळ्याच डिस्क मात्र अशा एकाएकी जात नाहीत. अनेकींचा ऱ्हास हळूहळू होतो आणि त्याच्या खुणा डिस्क स्वतःच नोंदवून ठेवते. १९९२ मध्ये आयबीएमने आपल्या डिस्कमध्ये बिघाडाचा आगाऊ अंदाज देणारी सोय आणली, कॉम्पॅक कंपनीने निर्मात्यांना सोबत घेऊन तशीच दुसरी पद्धत विकसित केली, आणि दशकाच्या मध्यापर्यंत या दोहोंतून ‘स्मार्ट’ नावाने ओळखली जाणारी सामायिक पद्धत तयार झाली. डिस्क किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, तिचे तापमान किती, मजकूर वाचताना किती चुका झाल्या, असे अनेक आकडे ती आपल्या आतल्या स्मृतीत साठवते. विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत जपानी सॉफ्टवेअरने ते पाहता येतात आणि तेथे निळा, पिवळा व लाल अशा रंगांत निवाडाही मिळतो. लिनक्सवर आणि इतरत्र ‘स्मार्टमोनटूल्स’ हे साधन वापरले जाते. हे दुसरे साधन २००२ मध्ये ब्रूस ॲलन या भौतिकशास्त्रज्ञाने उभे केले, ज्यांचा मूळ विषय गुरुत्वीय लहरी हा आहे आणि ज्यांना त्या संशोधनासाठी संगणकांचा मोठा ताफा चालता ठेवावा लागत होता. 

आकड्यांच्या या जंत्रीत सामान्य वापरणाऱ्याने लक्ष द्यावे अशा नोंदी थोड्याच आहेत. तबकडीवरील मजकूर ५१२ किंवा ४,०९६ बाइटांच्या लहान कप्प्यांत विभागलेला असतो आणि त्या कप्प्याला सेक्टर म्हणतात. एखादा सेक्टर वाचताच आला नाही तर डिस्क त्याला ‘प्रलंबित’ ठरवते, ही नोंद क्रमांक १९७; पुढे त्याच जागी नवा मजकूर लिहिण्याची वेळ आली आणि तोही नीट बसला नाही, तर ती जागा कायमची बाद करून राखीव साठ्यातला सेक्टर तिच्या जागी लावला जातो, ही नोंद क्रमांक ५. या दोहोंच्या जोडीला दुरुस्त न झालेल्या चुकांच्या १८७ व १९८ आणि वेळेत पूर्ण न झालेल्या आज्ञांची १८८ अशा पाच नोंदींवर बॅकब्लेझ ही अमेरिकी साठवण कंपनी भर देते. नोंद क्रमांक १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिच्या केबलचा असतो आणि थोड्या खर्चात मोठी चिंता मिटते. याउलट काही कंपन्यांच्या डिस्क पहिल्याच नोंदीत अवाढव्य आकडा दाखवतात, कारण तो आकडा चुका आणि एकूण वाचने एकत्र करून लिहिलेला असतो. तो पाहून धास्तावण्याचे कारण नाही.

‘प्रलंबित’ सेक्टरची ही रीत नीट समजली म्हणजे दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास चालणाऱ्या एका उपायातला धोका कळतो. संगणक मंद झाला, फाइल उघडताना अडकू लागला, की डिस्क फॉरमॅट मारून नव्याने विंडोज टाकून देण्याची पद्धत सर्वत्र आहे. संपूर्ण फॉरमॅट करताना डिस्कच्या प्रत्येक जागी नव्याने लिहिले जाते, त्यामुळे प्रलंबित सेक्टर एकतर तात्पुरते चालू होतात किंवा मुकाट्याने बदलले जातात, प्रलंबितांचा आकडा शून्यावर येतो आणि संगणक पुन्हा वेगाने चालू लागतो. ग्राहकाला डिस्क बरी झाली असे वाटते. प्रत्यक्षात बाद सेक्टरांची संख्या वाढलेली असते आणि ऱ्हास चालूच असतो. कारागिराचा हेतू प्रामाणिक असतो, परंतु परीक्षणावाचून केलेला हा उपाय रोगाची खूण पुसतो आणि रोग तसाच ठेवतो. फॉरमॅटच्या आधी पाच मिनिटे काढून नोंद ५ आणि १९७ पाहणे, त्या शून्याहून जास्त असल्यास आधी सर्व मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवणे आणि मग ती डिस्क महत्त्वाच्या कामातून काढून टाकणे, एवढी शिस्त कोणत्याही दुकानाला परवडणारी आहे.

तथापि स्मार्ट नोंदींवर किती विसंबावे, याला स्पष्ट मर्यादा आहे. गूगलच्या पिनेरो, वेबर आणि बारोसो या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की पहिली वाचनचूक नोंदली गेल्यानंतरच्या साठ दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते. एवढ्यावरून ही खूण भरवशाची वाटते. पण त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी सर्वांत सूचक ठरलेल्या चार नोंदींपैकी एकही दाखवली नव्हती. बॅकब्लेझने २०१६ मध्ये आपल्या पाच नोंदींची परीक्षा घेतली तेव्हा बंद पडलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्के डिस्कवर किमान एक खूण आढळली, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कोणतीही पूर्वसूचना न देता गेला. खूण दिसली तर ताबडतोब हालचाल करावी, आणि दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नये, असे हे दुहेरी अनुमान आहे. त्यात भर म्हणजे डिस्कचा एकंदर निकाल ‘उत्तीर्ण’ की ‘अनुत्तीर्ण’ हे निर्मात्याने ठरवलेल्या उंबरठ्यावर अवलंबून असते आणि तो उंबरठा इतका सैल असतो की शेकडो सेक्टर बाद होऊनही डिस्क उत्तीर्णच दिसू शकते.

हवामान आणि वीज या दोन स्थानिक घटकांपैकी लोक पहिल्याला अधिक दोष देतात, पण दुसरा अधिक नुकसान करतो. एप्रिल-मेमध्ये जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो हे खरे, आणि बहुतेक डिस्कना साठ अंश सेल्सिअसपर्यंतची मर्यादा घालून दिलेली असते. मात्र गूगलच्या वरील अभ्यासात तापमान आणि बिघाड यांचे नाते अपेक्षेपेक्षा कितीतरी दुबळे निघाले आणि ते ठळक झाले ते फार उष्ण व जुन्या डिस्कच्या बाबतीत. कापसाचा तंतू आणि शेतातली धूळ डिस्कच्या आत सहसा जात नाही, कारण तिच्या श्वासछिद्राला गाळणी असते. ती पंख्यात आणि पॉवर सप्लायमध्ये साचून उष्णता वाढवते. वीज अचानक गेली तर मात्र वेगळे घडते. नव्याने लिहिला जाणारा मजकूर काही क्षण डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो, तो हरवतो. कोणती फाइल कोणत्या सेक्टरांत आहे याची यादी अर्धवट राहते. आणि डेटाबेसवर चालणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण वर्षाची वही उघडेनाशी होऊ शकते, जरी डिस्क स्वतः धडधाकट असली तरी. परळीत १९७१ पासून औष्णिक वीजकेंद्र असलेल्या, आणि पाण्याअभावी ते २०१५ मध्ये बंद पडलेले पाहिलेल्या जिल्ह्याला विजेच्या लहरीपणाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. चालू स्थितीतला यूपीएस हा येथे अँटिव्हायरसच्या आधीचा खर्च आहे. ‘चालू स्थितीतला’ हे विशेषण महत्त्वाचे, कारण त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि त्यानंतर ती पेटी टेबलाखाली केवळ जागा अडवते.

फिरणारा भागच नसलेली एसएसडी घेतली म्हणजे प्रश्न सुटतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. पडझडीला ती दाद देत नाही आणि वेगाने चालते, पण तिच्यातल्या विद्युतभार धरणाऱ्या पेशी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतात, आणि तिचे नियंत्रक परिपथ बिघडले तर ती बहुधा काहीही न कुरकुरता थेट अदृश्य होते. शिवाय पुसलेल्या फाइलची जागा संगणकाच्या सूचनेवरून ती स्वतःच मोकळी करून टाकते, त्यामुळे चुकून पुसलेला मजकूर जुन्या डिस्कवरून जसा पुष्कळदा परत मिळतो तसा येथे मिळण्याची आशा कमी. ती वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवणेही योग्य नाही: सामान्य वापराच्या एसएसडीने आपले लेखन-आयुष्य संपल्यावर विजेविना तीस अंश तापमानात एक वर्ष मजकूर धरावा, एवढीच अपेक्षा जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ठेवली आहे. लग्नाचे चित्रण कायमचे सांभाळायला ती उत्तम जागा नव्हे.

यंत्र कोणतेही असो, ते एकच असेल तर त्याची प्रकृती तपासत राहण्याने केवळ धोक्याची वेळ कळते, आणि तीही नेहमी कळत नाही. हे मोठ्या व्यवस्थांनाही लागू आहे. दक्षिण कोरियातील देजॉन येथील राष्ट्रीय माहिती संसाधन सेवेच्या केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही ८५८ टेराबाइटची प्रणाली समूळ गेली, कारण तिची प्रत दुसऱ्या ठिकाणी नव्हतीच. याउलट दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला होऊन पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, तेव्हा रुग्णांची मुख्य नोंद एका अबाधित बॅकअप सर्व्हरवरून परत मिळवता आली, जरी मधले काही दिवस सगळा कारभार कागदावर चालवावा लागला. या दोन घटनांत तंत्रज्ञानाच्या दर्जाचा फरक शोधून सापडणार नाही. फरक दुसऱ्या प्रतीच्या असण्या-नसण्याचा होता. त्याच कारणाने ‘रेड’ म्हणून ओळखली जाणारी रचना, जिच्यात दोन किंवा अधिक डिस्कवर एकाच वेळी मजकूर लिहिला जातो, ती बॅकअपची जागा घेऊ शकत नाही: एक डिस्क गेली तर काम थांबत नाही, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते, आणि चोरी, आग व पूर दोघींना एकदमच गाठतात.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एक हा संकेत यावर सुटसुटीत आहे: मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. बीडमध्ये या तिसऱ्या अटीचा अर्थ भूगोलावरून लावावा लागतो. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला आलेल्या पुराने बीड शहरातल्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा व गोदावरीच्या काठच्या गावांनी पुन्हा पाणी घरात आलेले पाहिले. दुकानातली दुसरी डिस्क त्याच दुकानाच्या वरच्या फळीवर ठेवणे ही म्हणून पुरेशी दक्षता नाही; नदीकाठच्या गेवराई किंवा माजलगावच्या दुकानदाराने ती वेगळ्या वस्तीतल्या किंवा धारूर-केजच्या चढावरच्या नातेवाइकाकडे ठेवावी, महिन्यातून एकदा येता-जाता बदलून आणावी, हा उपाय प्राथमिक वाटला तरी नेटका आहे. इंटरनेटवरील साठवण, म्हणजे क्लाउड, कागदपत्रांसाठी उपयुक्त आहे, कारण गूगलच्या विनामूल्य १५ गिगाबाइटमध्ये एका करसल्लागाराची अनेक वर्षे मावतात. परंतु स्टुडिओचे चित्रण तेवढ्यात बसत नाही आणि ग्रामीण जोडणीवरून शेकडो गिगाबाइट वर चढवायला आठवडे लागू शकतात. शिवाय संगणकाशी सतत जुळवून घेणारे क्लाउडमधले फोल्डर चुकाही जुळवून घेते. बॅकअप घेतल्यावर जी डिस्क केबल काढून बाजूला ठेवली जाते, तिला खंडणीखोर सॉफ्टवेअर पोहोचू शकत नाही, हा जुन्या पद्धतीचा मोठा गुण आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती बॅकअपची उलट तपासणी. दर शनिवारी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर उतरवणारे कार्यालय अनेकदा तोच बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहात नाही, आणि ती फाइल कित्येक महिने शून्य बाइटची किंवा अर्धवट होती हे गरज पडते तेव्हाच कळते. तिमाहीतून एकदा, दुसऱ्या यंत्रावर, एखादे जुने वर्ष पूर्ण उघडून त्याची जमाबाकी ताडून पाहणे हीच बॅकअप असल्याची खूण मानावी. इतके करूनही डिस्क बिघडलीच, तर पहिले काम म्हणजे ती बंद करणे. डिस्कला आवाज नसेल आणि ती ओळखली जात असेल, तर तिची सेक्टर-सेक्टरने पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि फाइल शोधण्याचे सगळे प्रयोग त्या नकलेवर करावेत. आवाज येत असेल तर ती धूळमुक्त खोली असलेल्या पुण्या-मुंबईकडच्या प्रयोगशाळेत पाठवण्यावाचून मार्ग नाही. डिस्कचे झाकण साध्या खोलीत उघडणे किंवा ती फ्रीजमध्ये ठेवणे, हे ऐकीव इलाज बहुधा उरलीसुरली शक्यताही संपवतात.

कायद्याच्या बाजूनेही हा विषय आता खाजगी हळहळीपुरता राहिलेला नाही. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि कंपन्यांना आपल्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचे बंधन २०२२ च्या दुरुस्तीने आले. सोनोग्राफी केंद्रांनी प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीची नोंद ‘एफ’ नमुन्यात किमान दोन वर्षे ठेवायची असते. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, असे राज्यातले नीचांकी प्रमाण नोंदवलेल्या जिल्ह्यात, अशी नोंद डिस्कबरोबर गेल्याचे सांगणे कुणालाच सहज पटणारे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर माहिती चोरीला जाणे आणि तिच्यापर्यंत पोहोचता न येणे, या दोहोंना माहितीभंगाच्या व्याख्येत घेतले असून, नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत बॅकअपचा उल्लेख सुरक्षेच्या उपायांत स्पष्टपणे आला आहे.

या कायद्याने एक उलटा प्रश्नही उभा केला आहे, ज्याकडे डिस्कच्या प्रकृतीची काळजी करणारे सहसा वळत नाहीत. तालुक्यातल्या सेवा केंद्रांच्या आणि झेरॉक्स दुकानांच्या संगणकांत गावोगावच्या लोकांच्या आधार कार्डांच्या, बँक पासबुकांच्या आणि जातीच्या दाखल्यांच्या प्रतिमा ‘न्यू फोल्डर’ नावाच्या फोल्डरांत वर्षानुवर्षे साचत जातात, आणि काम झाल्यावर त्या ठेवण्याचे कोणतेही कारण उरत नाही. त्यांचा बॅकअप घेणे म्हणजे जोखीम तिप्पट करणे. जी डिस्क नोंद ५ वाढल्यामुळे कामातून काढली, ती भंगारात देण्यापूर्वी तिच्यावर सर्वत्र एकदा नवा मजकूर लिहून घ्यावा लागतो, कारण झटपट फॉरमॅटने केवळ फाइलींची यादी पुसली जाते आणि मजकूर जागच्या जागी राहतो. डिस्क चालूच होत नसेल तर तबकड्या हातोडीने वाकवून किंवा भोके पाडून निकामी कराव्या लागतात. भंगारवाल्याकडे वजनावर जाणारी डिस्क पुढे कोणाच्या हाती लागते, याचा माग ती विकणाऱ्याकडे राहत नाही.